डिकीतला बॉम्ब आणि भोंग्यातलं गाणं

मी साउंड एडिटिंग करते, पुण्यात, बहुतेक शॉर्टफिल्म आणि अधूनमधून डॉक्युमेंट्री, आणि गेली काही वर्षं माझ्याकडं जो कुणी पिक्चर घेऊन येतो त्याची पहिली मागणी ठरलेली असते, ओपनिंग जरा पकड घेणारं करून दे. पकड म्हणजे नक्की काय हवंय असं विचारलं की मग उत्तर येतं की सुरुवातीलाच जोरात म्युझिक येऊ दे, ड्रोन शॉटवर टायटल पडू दे, लोकांनी मान वर करून बघितलं पाहिजे. मान वर होते हे खरंय, पण दहा सेकंदांनी परत खाली जाते आणि तिथून पुढं ती वर ठेवायला म्युझिक पुरत नाही. हे मला नीट कळलं ते एका जुन्या अमेरिकन पिक्चरच्या पहिल्या साडेतीन मिनिटांवरून, आणि ते प्रकरण इतकं नेमकं आहे की एकदा सगळं सविस्तर लिहून ठेवावं असं कधीपासून मनात होतं.

पिक्चर म्हणजे अमेरिकन दिग्दर्शक ऑर्सन वेल्सचा १९५८ चा 'टच ऑफ ईव्हिल'. ब्लॅक अँड व्हाइट, मेक्सिको आणि अमेरिकेच्या सीमेवरच्या एका काल्पनिक गावातली गोष्ट. त्याचा पहिला शॉट सुमारे ३ मिनिटं २० सेकंदांचा, मधे एकही कट नाही, आणि जगभरातल्या फिल्मच्या वर्गांत तो दाखवतात. पण दाखवताना बहुतेक ठिकाणी बोलणं लाँग टेकवरच थांबतं, केवढा मोठा शॉट, कसा घेतला असेल, वा. मला त्यापेक्षा जास्त भारी वाटते ती दुसरी गोष्ट, की हा एकच शॉट आपल्याला दोन रूपांत बघायला मिळतो. १९५८ ला स्टुडिओनं रिलीज केला तो एक, आणि १९९८ मध्ये वेल्सच्या लेखी सूचनांप्रमाणे परत बांधला तो दुसरा. चित्र तेच, हालचाल तीच, नट तेच, फक्त वरचा आवाज आणि अक्षरं वेगळी. एडिटिंग करणाऱ्याला असं उदाहरण सहजासहजी मिळत नाही, कारण एरवी आपण नुसतं म्हणत बसतो की इथं म्युझिक नसतं तर असं झालं असतं, आणि इथं ते करूनच दाखवलेलं आहे.

आधी शॉट सांगते, कारण बघितलेला असला तरी त्यातली कामं सुटी करून बघायला लागतात.

सुरुवात होते दोन हातांवर. अगदी जवळून. हातात बॉम्ब आहे, त्याला स्वयंपाकघरात असतो तसला टायमर जोडलाय, आणि हात तो टायमर फिरवून लावतो, साधारण तीन मिनिटांवर. तेवढ्यात लांबून एका बाईचं हसणं ऐकू येतं, तो माणूस वळतो, त्याच्याबरोबर कॅमेरा वळतो, आणि खांबांच्या लांबलचक पडवीच्या पार टोकाला एक जोडपं येताना दिसतं. माणूस भिंतीकडेनं पळतो, त्याच्याआधी त्याची सावली पळते, एका बिनटपाच्या गाडीपाशी पोचतो, डिकी उघडून बॉम्ब आत ठेवतो आणि अंधारात गायब. त्याचं तोंड आपल्याला धड दिसलेलं नसतं. मग ते जोडपं येतं, एक पैसेवाला मध्यमवयीन माणूस आणि त्याची गोऱ्या केसांची मैत्रीण, बसतात, गाडी सुरू करतात. आता कॅमेरा वर चढतो, एका घराच्या छपरावरून पलीकडं बघतो, गाडी इमारतीच्या मागं जाते आणि पलीकडच्या रस्त्यावर बाहेर येते. इथपर्यंत आपण सगळ्यांच्या वर आहोत, आपल्याला सगळं माहिती आहे आणि खाली कुणालाच काही माहिती नाही.

मग गाडी मुख्य रस्त्याला लागते आणि कॅमेरा तिच्यापुढं उलटा उलटा मागं सरकत खाली यायला लागतो. रस्ता भरलेला आहे, रात्रीची गर्दी, दुकानांचे दिवे, हातगाड्या. ट्रॅफिक पोलीस हात करून गाडी थांबवतो. गाडी थांबली तरी कॅमेरा थांबत नाही, तो मागं जातच राहतो, त्यामुळं गाडी लहान लहान होत जाते. पुढच्या कोपऱ्यावर एक दुसरं जोडपं चालत येतं, वर्गास नावाचा मेक्सिकन सरकारी अधिकारी, म्हणजे चार्ल्टन हेस्टन, आणि त्याची अमेरिकन बायको सुझन, म्हणजे जॅनेट ली. नवंनवं लग्न झालेलं, हातात हात, कुठं निघालेत तर सीमा ओलांडून सोडा आइस्क्रीम खायला. आता कॅमेरा यांच्याबरोबर चालायला लागतो आणि बॉम्बवाली गाडी कधी यांच्या मागं, कधी शेजारी, कधी पुढं. एका ठिकाणी शेळ्यांचा कळप आडवा येतो आणि गाडी परत अडते. शेवटी सगळे एकदमच सीमेच्या नाक्यावर पोचतात, तिथला शिपाई वर्गासला ओळखतो, त्यानं पकडलेल्या ड्रग्जवाल्या टोळीबद्दल गप्पा मारायला लागतो, आणि या गप्पा चालू असताना शेजारी गाडी उभी आहे, आणि आपल्याला माहिती आहे की तिच्या डिकीत काय आहे. गाडीतला माणूस जाऊ द्या म्हणून घाई करतो. त्याची मैत्रीण शिपायाला म्हणते की माझ्या डोक्यात कसलीतरी टिकटिक वाजतीय. कुणी लक्ष देत नाही. गाडी पुढं निघून फ्रेमच्या बाहेर जाते. नवराबायको थांबतात, जवळ येतात, आणि त्याच क्षणी स्फोटाचा आवाज. दोघं वळून बघतात आणि पिक्चरमधला पहिला कट येतो, थेट जळणाऱ्या गाडीवर.

यावर पटकन सुचणारं उत्तर म्हणजे, पकड बॉम्बमुळं आहे. सस्पेन्स पिक्चरसाठी प्रसिद्ध दिग्दर्शक हिचकॉकनं फ्रेंच दिग्दर्शक त्रुफोला दिलेल्या मुलाखतीतलं ते टेबलाखालच्या बॉम्बचं उदाहरण सिनेमावाल्या सगळ्यांना पाठ असतं, बॉम्ब अचानक फुटला तर पंधरा सेकंदांचा धक्का, पण तो आहे हे प्रेक्षकाला आधी सांगितलं तर पंधरा मिनिटांची घालमेल. बरोबरच आहे ते. पण हिचकॉकच्या उदाहरणात टेबल जागेवर आहे. माणसं बसलेली आहेत, बॉम्ब खाली आहे, आपण टेबलाकडं बघत राहायचं. वेल्सच्या टेबलाला चाकं आहेत. ते इमारतीमागं जातं, गर्दीत शिरतं, मागं पडतं, फ्रेमबाहेर जातं, आणि प्रत्येक वेळी आपल्याला ते शोधायला लागतं. शिवाय मधेच दोन नवी, देखणी, ओळखीचे चेहरे असलेली माणसं समोर येतात आणि आपलं लक्ष त्यांच्याकडं जातं, आणि मग दोन क्षणांनी दचकून आठवतं, अरे गाडी कुठाय. माझ्या मते खरी पकड बसते ती या दचकण्यात. बॉम्ब दाखवून वेल्सनं आपल्याला एक काम लावून दिलंय, गाडीवर लक्ष ठेव, आणि पुढची तीन मिनिटं तो त्या कामात अडथळे आणत राहतो.

अडथळे हा शब्द मी मुद्दाम वापरला, कारण इथं तंत्राचा एक भाग आहे जो बघताना लक्षात येत नाही. गाडी आणि पायी चालणारी माणसं एकाच वेळेला नाक्यावर पोचायला पाहिजेत, नाहीतर हा शॉटच होत नाही. मोकळ्या रस्त्यावर गाडी एवढं अंतर किती वेळात कापेल, अर्ध्या मिनिटात. म्हणून ट्रॅफिक पोलीस, म्हणून हातगाड्या, म्हणून शेळ्या. आपल्याला वाटतं सीमेवरच्या गावाचं वातावरण दाखवलंय, आणि ते दाखवलंयच, पण त्यातली प्रत्येक गोष्ट गाडीला ब्रेक लावायला ठेवलेली आहे. वातावरण आणि यंत्रणा एकाच वस्तूकडून करून घेतलीय, त्यामुळं कुठंच असं वाटत नाही की हे जमवून आणलंय. मी हा शॉट आवाज बंद करून नुसता गाडी बघत एकदा बघितला तेव्हा हे कळलं, आणि मग शेळ्या दिसल्या की मला दरवेळी टाळ्या वाजवाव्याशा वाटतात.

आणि कॅमेऱ्याची उंची. सुरुवातीला बॉम्बच्या इतकं जवळ की टायमर दिसावा, मग छपराच्या वर, मग हळूहळू उतरत उतरत माणसाच्या उंचीला. वर होतो तेव्हा आपल्याला सगळ्यात जास्त कळत होतं. खाली आल्यावर आपण नवराबायकोच्या शेजारून चालतोय आणि आपल्याला जवळपास तेवढंच दिसतंय जेवढं त्यांना. माहिती तशीच डोक्यात आहे पण नजर हिरावून घेतलीय. गाडी मागून येतीय का शेजारून हे बघायला मान वळवावीशी वाटते, आणि कॅमेरा ती वळवू देत नाही. नाक्यावर पोचेपर्यंत वेल्सनं आपल्याला वरच्या माळ्यावरून उतरवून रस्त्यावर, स्फोटाच्या टप्प्यात आणून उभं केलेलं असतं.

हे घेतलं कसं ते थोडक्यात सांगते. जागा मेक्सिकोतली नाही, लॉस एंजेलिसजवळच्या व्हेनिसची आहे, तिथल्या खांबांच्या पडव्या आणि पडझड झालेला रस्ता वेल्सला हवा तसा होता. छायाचित्रण रसेल मेटीचं. कॅमेरा मोठ्या चॅपमन क्रेनवर, आणि क्रेन गाडीसारखी रस्त्यावरून चालणारी. अख्खा रस्ता रात्री उजेडात आणायचा, माणसं, हातगाड्या, जनावरं, दोन जोडपी आणि क्रेन सगळ्यांनी एकाच तालात हलायचं, आणि एक चुकला की सगळं पहिल्यापासून. हेस्टननं नंतर सांगितलेली हकिगत अशी की नाक्यावरच्या शिपायाचं काम करणारा नट रात्रभर आपली वाक्यं विसरत होता, आणि त्याचं काम शॉटच्या शेवटाला, म्हणजे अडीच मिनिटं सगळं व्यवस्थित झाल्यावर टेक वाया. शेवटी वेल्सनं त्याला सांगितलं की वाक्य आठवलं नाही तर नुसते ओठ हलव, आवाज नंतर भरू, पण काही झालं तरी सॉरी म्हणू नकोस. तोवर पहाट व्हायला आलेली. पिक्चरमध्ये वापरलाय तो त्या रात्रीचा शेवटचा टेक.

बरं, मग एवढा खटाटोप एका टेकमध्येच का करायचा? नुसती करामत म्हणून असता तर मी त्यावर एवढं लिहिलं नसतं. बॉम्ब ठेवला मेक्सिकोच्या बाजूला, फुटला अमेरिकेच्या बाजूला. पुढचा सगळा पिक्चर याच भांडणावर आहे की गुन्हा कुणाच्या हद्दीतला, तपास कुणी करायचा, मेक्सिकन वर्गासनं का अमेरिकन पोलीस कॅप्टन क्विनलननं, ज्याची भूमिका स्वतः वेल्सनं केलीय. शॉट तोडला असता तर सीमा एखाद्या कटमध्ये गेली असती, अलीकडं एक जग, पलीकडं दुसरं. न तोडल्यामुळं आपण सीमा पायी ओलांडतो आणि आपल्याला जाणवतसुद्धा नाही, तोच रस्ता, तेच दिवे, तीच माणसं, फक्त मधे एक शिपाई उभा. आणि पहिला कट कुठं येतो तर स्फोटावर. ज्याला आपण तीन मिनिटं धरून होतो तो सलग धागा स्फोटानं तुटतो, आणि तिथून पुढं कॅमेरा क्रेनवरून उतरून हातात आलेला, माणसं धावतायत, सगळं विस्कटलेलं.

आता खरं प्रकरण.

स्टुडिओ होता युनिव्हर्सल. शूटिंग १९५७ मध्ये संपलं, एडिटिंग चालू असताना स्टुडिओचं आणि वेल्सचं बिनसलं, पिक्चर त्याच्या हातातून गेला, काही सीन दुसऱ्या दिग्दर्शकाकडून नव्यानं शूट करून घेतले. वेल्सला त्यांनी बांधलेला पिक्चर एकदा दाखवला. त्यानं बघितला आणि डिसेंबर १९५७ मध्ये स्टुडिओचे प्रॉडक्शनप्रमुख एडवर्ड मूल यांना ५८ पानांचा मेमो लिहिला. रागाचा नाही. ज्या माणसाच्या हातातून स्वतःचा पिक्चर काढून घेतलाय तो ५८ पानं शांतपणे, एकेक सीन घेऊन, इथं हा शॉट अलीकडं घ्या, इथला आवाज असा करा, असं समजावून सांगतोय, आणि मला ते वाचताना गलबलून येतं. थोड्या सूचना मानल्या गेल्या, बऱ्याच नाही. १९५८ मध्ये पिक्चर डबल फीचरमधला, म्हणजे एका तिकिटात दोन पिक्चर असतात त्यातला, दुसरा म्हणून आला आणि गेला. १९८५ मध्ये वेल्स वारला तेव्हासुद्धा पहिला शॉट त्याला पाहिजे तसा कुणी बघितलेला नव्हता.

स्टुडिओच्या आवृत्तीत या शॉटवर टायटल आहेत. हेस्टन, जॅनेट ली, वेल्स, मग पिक्चरचं नाव, मग पाठोपाठ सगळी मंडळी. आणि वरून हेन्री मॅन्सिनीचं म्युझिक, लॅटिन ढंगाचं, ढोलकीसारखी वाजणारी बाँगो आणि वर ब्रास, म्हणजे ट्रम्पेटसारखी पितळी वाद्यं. म्युझिक वाईट आहे का, अजिबात नाही, मॅन्सिनी मोठा माणूस, ती धून एकदा ऐकली की दिवसभर डोक्यात राहते आणि ताल असा आहे की त्यातच घड्याळ चालल्यासारखं वाटतं. म्हणून मला कुणी म्हटलं की मला स्टुडिओवालंच ओपनिंग आवडतं तर मी भांडत नाही, त्यात जोश आहे.

पण ते काय करतं बघा. अक्षर पडद्यावर आलं की डोळा ते वाचतो, वाचायचं नाही असं ठरवूनही वाचतो, आपल्याला सवयच आहे. आणि अक्षर वाचायला जेवढा वेळ जातो नेमका तेवढा वेळ आपण गाडी सोडतो. शिवाय टायटल म्हणजे एक प्रकारचा निरोप असतो, की अजून सुरू झालेलं नाही, बसा आरामात, पॉपकॉर्न घ्या, गोष्ट यानंतर आहे. डिकीत बॉम्ब टिकटिकतोय आणि पडदा सांगतोय की अजून सुरू व्हायचंय. आणि म्युझिक सगळ्या रस्त्यावर सारखंच पसरलेलं. गाडी जवळ असो, लांब असो, दिसत नसो, धून तेवढीच. काळजी करायचं काम प्रेक्षकाकडून काढून घेऊन ते वाजवणाऱ्यांकडं दिलं. आपण नुसतं ऐकायचं की आता टेन्शन आहे.

वेल्सला काय पाहिजे होतं ते त्यानं मेमोत लिहिलंय. तो म्हणतो, असल्या गावात प्रत्येक बारच्या दारावर, मोठा असो की छोटा, एक भोंगा लावलेला असतो आणि गिऱ्हाईक ओढायला प्रत्येकजण आपापलं गाणं वाजवत असतो. तर या शॉटवर पार्श्वसंगीत नकोच, हीच गाणी पाहिजेत, एकातून दुसऱ्यात सरकत जाणारी, आणि त्यात गाडीतला रेडिओ. मराठी माणसाला हे समजावून सांगायला लागत नाही. गणपतीत संध्याकाळी पेठेतून चालत निघा, एका मंडळाची आरती मागं पडेपर्यंत पुढच्याचं लेझीमचं गाणं सुरू, मधल्या बोळाच्या तोंडाशी दोन्हींची खिचडी, आणि डोळे मिटले तरी सांगता येतं की आपण आता कुठल्या चौकात आलो. लहानपणी बाबांच्या खांद्यावर झोपेत असायचे तरी मला कळायचं की घर जवळ आलं. आवाजावरून जागा कळते, अंतर कळतं, कोण येतंय कोण लांब गेलं हे कळतं. वेल्सला नेमकं हेच हवं होतं.

आणि तो तिथं थांबला नाही, कसं करायचं तेही सांगितलं. स्टुडिओत स्वच्छ रेकॉर्ड केलेलं गाणं नुसतं बारीक करून चालणार नाही, ते साउंड बिल्डिंगच्या बाहेरच्या बोळात एका स्वस्तातल्या भोंग्यावर वाजवा आणि ते परत रेकॉर्ड करा, म्हणजे त्यात रस्ता येईल. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी खुर्चीतून उठले होते. कारण हे आम्ही आज करतो. गाणं खोलीत, जिन्यात, गच्चीवर वाजवून परत उचलायचं, भिंतींवर आपटून आलेला आवाज वेगळाच असतो, कॉम्प्युटरवरच्या प्लगइननं तो येतो पण त्यात जीव नसतो. १९९८ ची आवृत्ती ज्यानं बांधली तो वॉल्टर मर्च, 'अपोकॅलिप्स नाऊ'च्या साउंडचा मर्च, त्यानं हीच युक्ती १९७३ च्या 'अमेरिकन ग्राफिटी'साठी केली होती आणि तिला नावही दिलं होतं, वर्ल्डाइझिंग. मेमो हातात पडल्यावर त्याला कळलं की वेल्सनं हे त्याच्या पंधरा-सोळा वर्षं आधीच लिहून ठेवलंय आणि ते कागद कपाटात पडून होते.

मर्चनं आणि निर्माता रिक श्मिडलिननं मेमो धरून पिक्चरभर साधारण पन्नास बदल केले. पहिल्या शॉटवरची नावं काढून शेवटाला नेली, मॅन्सिनीची धून काढली, आणि आता ऐकू येतो तो रस्ता. टिकटिक, पळणारे पाय, बाईचं हसणं, डिकीचं झाकण, गाडी सुरू होताना रेडिओ. मग एका बारचं गाणं येतं आणि जातं, दुसऱ्याचं येतं, मधे शेळ्या, हॉर्न, शिट्टी. आणि या सगळ्यात तो गाडीतला रेडिओ. गाडी फ्रेममध्ये नसली तरी रेडिओ मागून ऐकू यायला लागतो आणि मानेवर काटा येतो, कारण जवळ आली. तो बारीक झाला की सुटका वाटते आणि लगेच भीती, गेली कुठं. चित्र आपल्याला गाडी दाखवायची थांबलंय तिथं कानानं काम हातात घेतलंय. इथं मला काय म्हणायचंय ते सगळं आलं, पकड घ्यायची म्हणजे प्रेक्षकाच्या अंगावर जायचं नाही, त्याच्या हातात एक दोरीचं टोक द्यायचं आणि ती ताणलेली ठेवायची.

हे माझं मत मी एकदा आईवर तपासून बघितलं. आई सांगलीला असते, इंग्लिश पिक्चर बघत नाही, वेल्स कोण तिला देणंघेणं नाही, म्हणून तर. दिवाळीला गेले होते तेव्हा लॅपटॉपवर आधी जुनी आवृत्ती लावली. ती चकल्यांचा डबा भरत बघत होती. बॉम्बला थांबली, हात तसाच, मग नावं यायला लागली तशी परत चकल्या रचायला लागली. मधे म्हणाली गाणं छान आहे गं. स्फोट झाला तेव्हा दचकली, म्हणाली, अगंबाई, ती गाडी होय.

ती गाडी होय. म्हणजे मधे सुटली होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी नवी लावली. मला वाटलं होतं आता तिला माहितीच आहे शेवट, काय फरक पडणार. पण गाडी इमारतीमागं गेली तशी ती पुढं वाकली. पोलिसानं गाडी थांबवली तेव्हा म्हणाली, अरे सोड ना बाबा तिला, जाऊ दे लवकर, आणि मग लगेच, नको, नको, थांबव. नवराबायको चालायला लागले तेव्हा ती पडद्याच्या कडेला बोट लावून बसली, जिथून गाडी परत येईल असं तिला वाटत होतं तिथं. खरंच बोट लावून. आणि गाडी दिसायच्या आधी, रेडिओ ऐकून, म्हणाली, आली बघ. मी पडद्याकडं बघतच नव्हते, तिच्या बोटाकडं बघत होते.

एका माणसावरून नियम काढता येत नाही हे मला कळतं, शिवाय ती दुसऱ्यांदा बघत होती. पण ते बोट माझ्या डोक्यातून गेलं नाही. आता कुठलंही ओपनिंग टाइमलाइनवर घेतलं की पहिला प्रश्न हाच, बघणाऱ्यानं बोट कशावर ठेवायचं? उत्तर नसेल तर दिग्दर्शकाला परत पाठवते, गोड बोलून. मधे एक शॉर्टफिल्म आली, बाजाराच्या दिवशी एक मुलगा वडिलांच्या खिशातून पैसे काढून पळतो, आणि सुरुवातीला बाजाराचा लांब शॉट, वर गिटार. गिटार काढली. मुलाच्या एका चपलेचा अंगठा तुटलेला होता आणि ती चालताना फटक फटक वाजायची, शूटिंगच्या आवाजात ती बारीकशी होती, तीच उचलली, घरी जिन्यात तसली चपल घालून परत रेकॉर्ड केली, आणि गर्दीत मुलगा हरवला की ती फटफट तेवढी राहू दिली. दिग्दर्शकाला पहिल्यांदा पटलं नाही, म्हणाला सुनं वाटतंय. मी म्हटलं दोन दिवस ठेव आणि कुणालातरी दाखव. तिसऱ्या दिवशी फोन आला की गिटार नको.

सगळ्याच ओपनिंगला हे लागू पडतं असं नाही. गाण्यानं सुरू होणारा पिक्चर असतो, नुसत्या चेहऱ्यानं सुरू होणारा असतो, तिथं दोरी वेगळी. आणि मॅन्सिनीची धून काढल्याचं मलाही थोडं वाईट वाटतंच, ती वेगळी काढून मी कितीदा ऐकलीय. पण या शॉटवर ती नको होती, एवढं मात्र मी ठाम सांगेन.

आईचं एक राहिलं. नवी आवृत्ती संपल्यावर लॅपटॉप बंद करायला लागले तर म्हणाली थांब, ते नाक्यावरचं परत लाव. लावलं. गाडीतली ती मुलगी शिपायाला काय म्हणते ते तिनं मला मराठीत विचारून घेतलं. मी सांगितलं, माझ्या डोक्यात टिकटिक वाजतीय म्हणते. काल हे होतं का, तिनं विचारलं. मी म्हटलं होतं, कालपण होतं, तेच वाक्य. आई थोडा वेळ त्या थांबवलेल्या चित्राकडं बघत राहिली आणि म्हणाली, "अगं, मग हिला एकटीलाच ऐकू येत होतं की."